डाव्या कौलाचा कागद

राजाराम मेस्त्रीच्या दारावर पाटी नव्हती. मुलुंडच्या त्या सोसायटीत बाकी सगळ्यांच्या दारांवर होत्या. कुणाची पितळेची, कुणाची लाकडी, एकाची तर चक्क संगमरवराची. राजारामकडे येणारा पाहुणा आधी समोरच्या रत्नप्रभाबाईंची कडी वाजवायचा, आणि बाई हातातलं पोळीचं पीठ झाडत म्हणायच्या, "ते बिननावाचं दार ना, तेच." घरातली माणसं मात्र दार वाजवतच नसत. नखाने फळीवर हलकेच खरवडत, मांजर खरवडतं तसं. तो आवाज आला तरच आतून कडी निघायची. दुसऱ्या कुणी थाप मारली की आत सगळं चिडीचूप. बरं, हा माणूस चोर नव्हता, दरोडेखोर नव्हता. रीतसर पैसे मोजून घेतलेल्या स्वतःच्या घरात तो असा राहत होता.

तसा राजाराम भागूबाई नव्हता. परळच्या गिरणीत त्याने उमेदीची वर्षं काढली होती. संप फसला, गिरणी सुटली, तेव्हा अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर उभा राहिला. लोखंडाचा तापलेला कीस उडून हातावर बसला तरी त्याची पापणी लवत नसे. भीती होती ती कागदाची. संपानंतर गिरणीच्या गेटवर एका बाबूने त्याला "हिशेबासाठी सही कर" म्हटलं होतं. याने केली, आणि तो निघाला राजीनामा. तेव्हापासून कुणी कागद पुढे केला की त्याच्या कानामागून घाम ओघळायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर ताकाच्या वाटेलाच जात नव्हता.

पण भांडुपच्या डोंगरावरची भाड्याची खोली सोडायची, हे बायकोने, मालनने, मनावर घेतलं होतं. पोरगी, जया, मोठी होत होती. पाण्यासाठी डोंगर उतरून पुन्हा चढायचा, आणि पावसाळ्यात वरचा दगड कधी खाली येईल याचा नेम नाही. त्याच्याच तालुक्यातला जयवंत राणे स्टेशनजवळ एका पानपट्टीच्या बाजूला टेबल टाकून बसायचा आणि लोकांना जागा दाखवायचा. त्यानेच मुलुंडची जागा आणली. एक खोली, एक स्वयंपाकघर, आत मोरी, आणि मोरीत स्वतःचा नळ. मालक मधुकर गुप्ते, विमा कंपनीतून निवृत्त झालेले सरळ गृहस्थ. त्यांना बायकोसह ठाण्याला मुलीच्या शेजारी राहायला जायचं होतं. मालनने तो नळ सोडून पाहिला, पुन्हा बंद केला, पुन्हा सोडला. त्या बाईचे डोळे भरून आले होते. किंमत ठरली, गुप्त्यांच्या हातावर विसार ठेवला, आता फक्त करारावर सही करायची राहिली.

आणि इथे राजाराम अडला. गावच्या देवाला विचारल्याशिवाय मेस्त्र्यांच्या घरात कधी बैलही घेतला गेला नव्हता. मग घर कसं घेणार? दिवाळी झाल्यावर रजा टाकून तो एसटीने गावी गेला. थोरला भाऊ धोंडू त्याला देवळात घेऊन गेला. मंगळवार होता. गुरवाने देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होती. राजारामची नजर पाकळ्यांवर खिळली होती. उजवी थरथरली, पण पडली डावी. देवाने नाही म्हटलं.

"मार्गशीर्षात जत्रेक ये," धोंडू म्हणाला, "परत इचारूया. देव काय कायमचो रागावणा नाय."

मालनने कपाळावर हात मारला, पण देवापुढे तिचंही काही चालत नव्हतं. गुप्ते सज्जन, म्हणाले, "मेस्त्री, तुमच्या देवाचं होऊ द्या. मी थांबतो." जत्रेला राजाराम पुन्हा गेला. यावेळी उजवी पाकळी अशी टपकन पडली की गुरवालाच हसू आलं. राजाराम नाचत मुंबईला परतला.

तर इकडे जयवंत टेबलावर डोकं धरून बसला होता.

"वाट लागली रे राजा," तो म्हणाला. "कायदो बदललो. डिसेंबरच्या धा तारखेपासना."

"म्हंजे?"

"आजपर्यंत काय होता? पाच रुपयांच्या स्टॅम्पार करार लिवलो, चावी घेतली, झाला. खरेदीखत मागसून, नायतर कधीच नाय. आता सरकार म्हणता, ज्या करारार ताबो मिळता तो करार म्हंजेच खरेदी. तेच्यार पुरी स्टॅम्प ड्यूटी. आणि ती पण तू लिवतलंस त्या किमतीर नाय, बाजारात जी किंमत असा तिच्यार."

राजारामने आकडा विचारला. जयवंतने सांगितला. तेवढे पैसे राजारामकडे नव्हते. फंड काढून झाला होता, पतपेढीचं कर्ज काढून झालं होतं. घरात सोनं म्हणाल तर मालनच्या हातातल्या आईकडच्या दोन पाटल्या, आणि त्यांचं नाव काढायची त्याची छाती नव्हती.

"आणि नाय भरली तर?"

"कागद कोर्टात उभो रवणा नाय. आणि पकडलो तर धापट दंड."

दहापट! राजाराम पानपट्टीच्या बाकड्यावर मटकन बसला. जयवंतला त्याची दया आली. दया आलेल्या माणसाच्या हातून जेवढं वाटोळं होतं तेवढं दुष्टाच्या हातूनही होत नाही.

"घाबरू नको," तो खाली वाकून म्हणाला. "एक स्टॅम्पवालो माझ्या वळखीचो असा. तेच्याकडे नोव्हेंबरच्या तारखेचो कोरो कागद गावता. आपण करार नोव्हेंबरातच झालो असा लिवूया. सगळे तसाच करतत. देवान उजवो दिलो मा? मग कित्याक भियातंस?"

सही गुप्त्यांच्या दिवाणखान्यात झाली. गुप्त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि सही केली. वसुधाबाईंनी चहा आणला. राजारामने कागदावरचं काही वाचलंच नाही. जयवंतने बोट ठेवलं तिथे सही केली आणि खाली सांगितली ती तारीख घातली. चावी मालनच्या हातात आली. जिना उतरताना तिने सहज विचारलं, "तारीख कुठची घातलीत हो?"

"एकोणीस नोव्हेंबर."

मालन पायरीवरच थांबली.

"अहो, त्या दिवशी तुम्ही गावी होतात. मंगळवार. देवळात."

राजारामने कठडा धरला. हातातला पेढ्यांचा पुडा खाली पडला आणि उघडला. देवाने डावा कौल दिला, नेमका त्याच दिवशी, कागदाच्या म्हणण्याप्रमाणे, राजाराम मेस्त्री मुलुंडला बसून घर विकत घेत होता.

माणूस नव्या घरात गेला की पडदे लावतो, देव मांडतो. राजारामने आधी दाराला दुसरी कडी लावली. कागद पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवला. पण कागद तळाशी गेला म्हणून भीती जाते थोडीच! कामावर लेथ फिरू लागला की त्याच्या डोक्यातही चक्र फिरायचं. त्या दिवसाची त्याची रजा कंपनीच्या हजेरीपटावर होती. रजेच्या अर्जावर त्याच्याच अक्षरात 'गावी जाणे' असं कारण होतं. साहेबाने चौकशी केली तर? आणि देवळातली ती सगळी माणसं! त्याला वाटायचं, एक दिवस सरकारी जीप गावात शिरेल, साहेब देवळाच्या पायरीवर उभा राहून विचारेल, "एकोणीस तारखेला राजाराम मेस्त्री इथे हजर होता काय?" आणि अख्खा गाव एका सुरात म्हणेल, "व्हय म्हाराजा!" हे ऐकून आपण हसू. त्याची मात्र जेवणावरची वासना उडाली होती.

त्यातच सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून सांगितलं, "मेस्त्री, तुमच्या कराराची एक प्रत द्या हां फाइलला." हा "देतो, देतो" म्हणाला आणि त्या दिवसापासून सेक्रेटरींची चप्पल जिन्यात वाजली की मोरीत शिरू लागला. शेजारच्या इमारतीत कुणाला तरी नोटीस आल्याची बातमी आली. कसली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण राजारामला ठाऊक होतं! पोस्टमनची खाकी पिशवी गल्लीत दिसली की तो वळसा घालून मागच्या फाटकाने शिरायचा. पाटी लावायची नाही, हे तेव्हाच ठरलं. वास्तुशांत करायची नाही, कारण गुरुजी देवाला बोलावणार, आणि देवाला सगळंच माहीत. नखाने खरवडायची युक्तीही त्याचीच. पोरीला त्याने समोर बसवून पढवलं.

"जया, कोण आलं आणि विचारलं की घर कोणाचं, तर काय सांगशील?"

"आम्ही पाहुणे आहोत."

"आणि बाबा?"

"बाबा घरी नाहीत."

"शाब्बास."

मालन चुलीकडे तोंड करून ऐकत होती. तिच्या मोरीतला तो नळ सकाळ-संध्याकाळ वाहत होता, आणि तिला त्याचा आनंद कसा तो होत नव्हता. एकदा ठाण्याच्या बाजारात गुप्ते समोरून येताना दिसले. राजाराम झटकन भाजीच्या हातगाडीआड वाकला. "हे माझं नाव सांगतील, म्हातारा माणूस, कधीही तोंडातून निघेल," एवढंच त्याच्या मनात. गुप्तेही त्याला न पाहिल्यासारखे दुसऱ्या फुटपाथला गेले. कांदे उगाच विकत घ्यावे लागले ते वेगळंच.

असं करता करता वर्ष सरत आलं. आणि एका रविवारी दारावर थाप पडली.

राजाराम जेवत होता. हातातला घास तसाच ठेवून तो मोरीत गेला आणि दार ओढून घेतलं. मालन बाहेर पाणी भरलेली बादली घेऊन उभी राहिली, तिलाही हलता येईना. थाप पुन्हा पडली. तेवढ्यात जयाने, बाप लपला म्हणजे आपली पाळी आली असं समजून, कडी काढली. बाहेर काखेत जाड रजिस्टर घेतलेला एक माणूस होता.

"मतदार यादीचं काम आहे, बाळ. इथे कोण राहतं?"

"आम्ही पाहुणे आहोत," जया घडाघडा म्हणाली. "बाबा घरी नाहीत."

"मग घर कोणाचं?"

हे मात्र तिला पढवलेलं नव्हतं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "माहीत नाही. आमचं नाही."

त्या माणसाने रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि तो रत्नप्रभाबाईंच्या दाराकडे वळला. मालनने बादली खाली ठेवली, दार लावलं आणि मोरीचं दार ओढून उघडलं. राजाराम आत उकिडवा बसला होता, खरकटा हात तसाच.

"या बाहेर," ती म्हणाली. "सरकारची वाट कशाला बघता? आम्हाला घराबाहेर तुम्हीच काढलंत की. पोरीच्या तोंडून काढलंत."

"मालन, अगं देवानेच डावा दिला होता..."

"देवाचं नाव नका सांगू मला! देवाने घराला नाही म्हटलं नव्हतं. घराला त्याने जत्रेत उजवा दिला. त्या दिवशी नको, एवढंच तो म्हणाला होता. आणि तुम्ही जगातल्या सगळ्या तारखा सोडून नेमकी तीच घातलीत." तिने हातातल्या पाटल्या ओढायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांच्या पाटल्या, सहज निघेनात. तिने साबण लावला. "हे घ्या. ड्यूटी भरा. नवा कागद करा. खऱ्या तारखेचा."

राजारामने पाटल्या हातात घेतल्या. साबणाने त्या निसटत होत्या.

त्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती ती गुप्त्यांच्या दारात जायची. त्यांच्या सहीशिवाय नवा करार होणार नव्हता, आणि ते म्हणाले असते, "मी कशाला पुन्हा सही करू?" तर सगळंच संपलं. ठाण्याला त्यांच्या दारावर ठळक पाटी होती. राजारामने घंटा दाबली. आत बराच वेळ काहीच हललं नाही. ही शांतता त्याच्या चांगल्या ओळखीची होती. मग दार बोटभर उघडलं आणि फटीत गुप्त्यांचा चष्मा दिसला.

"मेस्त्री? एकटेच आलात?" त्यांनी त्याच्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं. "पैसे मागायला आला असाल तर स्पष्ट सांगतो, मी..."

"साहेब, मी सही मागायला आलोय. खरी."

गुप्त्यांनी दार उघडलं. राजाराम सांगत होता तसतसे ते खुर्चीत खाली खाली जात होते. "चाळीस वर्षं नोकरी केली," शेवटी ते म्हणाले, "एका व्हाउचरवर खोटी तारीख घातली नाही. आणि जाता जाता तुमच्या त्या कागदावर घातली. मला वाटायचं, तुम्ही आज ना उद्या येणार आणि म्हणणार, तोंड बंद ठेवतो, इतके द्या. म्हणून त्या दिवशी बाजारात मी रस्ता ओलांडला." वसुधाबाई मध्येच म्हणाल्या, "हे जेवत नाहीत हो धड." राजाराम जुना कागद घेऊन आला होता. बाईंनीच तो घेतला, गॅसवर धरला, आणि राख सिंकमध्ये सोडून नळ सोडला.

जयवंतला कळलं तेव्हा तो भडकला. "येडो की काय तू? सरकारान मागूक नाय, तू देऊक चललंस? जग हसतला तुका!" पण शेवटी तोच सोबत आला, कारण फॉर्म भरायचे ते त्याच्याशिवाय कुणाला जमणार! पाटल्या सोनाराकडे गेल्या. पाच रुपयांच्या एका कागदाच्या जागी आता स्टॅम्पपेपरांचा जाड गठ्ठा झाला.

रजिस्ट्रारच्या कचेरीत राजाराम, मालन आणि गुप्ते एका बाकावर बसले. पंखा होता, तरी राजारामची पाठ भिजली होती. त्याला वाटत होतं, या खोलीत शिरलेला माणूस सरळ घरी जात नसणार. पुकारा झाला. टेबलामागच्या अधिकाऱ्याने गठ्ठा चाळला, किंमत पाहिली, स्टॅम्प मोजले, चष्म्यावरून एकदा गुप्त्यांकडे आणि एकदा राजारामकडे पाहिलं.

"पत्ता याच जागेचा दिलाय तुम्ही. म्हणजे राहताच आहात तिथे. ताबा कधी घेतला?"

गुप्त्यांनी डोळे मिटले. जयवंत खोकला. वर्षापूर्वी म्हणावं, तर त्या वेळचा कागद कुठाय हे साहेब विचारणार. खोटं बोलायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळाली नसती, आणि खरं बोलायला एवढी अवघड. राजारामने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर दाबून धरले.

"साहेब," तो म्हणाला, "राहतोय वर्षभर. पण ताबा घेतलेला नाही. घ्यायची हिंमत नाही झाली."

अधिकारी त्याच्याकडे बघतच राहिला. त्याने कागद पुन्हा उलटा केला, सुलटा केला. राजारामला वाटलं, आता हा शिपायाला हाक मारणार.

"ड्यूटी पुरी भरलीय," अधिकारी स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "आता तरी घ्या ताबा. इथे अंगठा." आणि त्याने पुढचा नंबर पुकारला.

मुलुंडला पोचेपर्यंत राजाराम अंगठा निरखत होता. बोटाला शाई तशीच होती. सोसायटीच्या फाटकापासून मात्र तो मालनला मागे टाकून सुटलाच. दोन-दोन पायऱ्या एका वेळी. किती महिने तो हा जिना भिंतीला चिकटून, चप्पल हातात घेऊन चढला होता! दारापाशी आला आणि आनंदाच्या भरात त्याने दोन्ही हातांनी थापा मारल्या, धाड धाड धाड.

आत भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

त्याने पुन्हा थाप मारली. आत स्टूल सरकल्याचा आवाज. दिव्याचं बटण बंद झाल्याचा आवाज. मोरीच्या दाराची कुरकुर, मग काही नाही. शाळेतून आलेली जया आत एकटी होती. राजारामचा हात तसाच वर राहिला. वर्षभर तो त्या शांततेच्या आतल्या बाजूला बसला होता. बाहेरून ती कशी ऐकू येते हे त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.

नखाने खरवडलं असतं तर दार लगेच उघडलं असतं. त्याने बोट पुढे केलंही, पण खरवडलं नाही.

मग आतून, आता दाराच्या अगदी जवळून, बारीक आवाज आला, "आम्ही पाहुणे आहोत. बाबा घरी नाहीत."

समोरचं दार उघडलं. रत्नप्रभाबाई पिठाच्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यावर सेक्रेटरींची चप्पल वाजली. मालन धापा टाकत जिन्याच्या वळणावर आली. राजारामची भीती काही कुठे गेली नव्हती. त्याने कपाळ दाराला टेकलं आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, फुटक्या आवाजात तो म्हणाला,

"जया, मी राजाराम मेस्त्री. हे घर माझं आहे गं. उघड."